घंटा वाजेपर्यंत कोणी बोलायचं नाही

तीर्थस्वरूप मावशीला,

वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनाने. कंबर धरली आहे, का ते पुढे येईलच.) तुझी तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? काकांचा खोकला गेला, की अजून ते औषधाची बाटली समोर ठेवून नुसते तिच्याकडे बघत बसतात? इकडे आई बरी आहे. तू विचारलेलं नाहीस आणि विचारणार नाहीस हेही मला माहीत आहे, पण मी आपलं सांगून टाकते. तीही तुझ्याबद्दल विचारत नाही. फक्त तुझं पत्र आलं की रेडिओ बंद करते, आणि मी ते मनात वाचायला लागले की "आवाज बसलाय का गं तुझा?" म्हणून चौकशी करते. मावशी, तुम्हा दोघींचा हा अबोला मला आता अगदी नकोसा झाला आहे. तू म्हणालीस आईने विणलेल्या स्वेटरचा गळा मोठा झालाय, ती म्हणाली मग देऊ नकोस त्यांना, आणि तेवढ्यावरून दोन सख्ख्या बहिणी वर्ष होत आलं तरी तोंडं फिरवून बसल्या आहेत. ज्या काकांसाठी तिने तो विणला त्यांनी तो घालून घालून कोपरांवर विरवलासुद्धा. असो. हे पत्र त्याबद्दल नाही. हे पत्र शिबिराबद्दल आहे.

मी शाळेत चित्रकला शिकवते हे तुला माहीतच आहे, आणि शिक्षकांच्या बैठकीत मी खिडकीबाहेर बघत बसते हेही तू ओळखून असशील. त्या दिवशी बाहेर एक ढग असा काही सावकाश विरघळत होता की मला वाटलं, आता ह्याची कड नेमकी कुठे संपते ते बघितल्याशिवाय नजर हलवायची नाही. कड काही सापडली नाही. परत खोलीत लक्ष गेलं तेव्हा सगळे माझ्याकडे बघून टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या. (मला वाटलं कोणाचा तरी वाढदिवस आहे.) नंतर कळलं, नववीचं निवासी शिबिर मी आखायचं असं एकमताने ठरलं होतं आणि माझं मौन म्हणजे संमती धरली गेली होती. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला थांबवून सांगितलं, की उपक्रम अर्थपूर्ण हवेत. 'अर्थपूर्ण' हा शब्द त्या असा उच्चारतात की ऐकणाऱ्याला आपलं आजवरचं आयुष्य निरर्थक गेल्याची खात्री पटावी.

आता नववीची भानगड सांगते. त्या वर्गात पंखा एकच, मध्यभागी. खिडकीकडच्या मुलांना वारा आयताच मिळतो, त्यात पंखा लागला की त्यांचे कागद उडतात. भिंतीकडची मुलं पंखा नसला की शिजतात. ह्यावरून आधी कुरबुर, मग भांडण आणि मग चक्क दोन देश झाले. खिडकीवाले भिंतीवाल्यांशी बोलत नाहीत, भिंतीवाले खिडकीवाल्यांना पट्टी देत नाहीत, आणि बटणाजवळ दोन्हीकडून पहारा. खिडकीची पुढारी लांबवेणी आणि भिंतीची चष्मिष (ही नावं मुलांनीच ठेवलेली, मी नाही). मावशी, ह्या दोघी पहिलीपासून एका बाकावर बसायच्या गं! एकीचं नाक वाहिलं की दुसरी रुमाल काढायची. आता चष्मिष शिंकली तर लांबवेणी छताकडे बघते. मोठ्या बाईंनी बजावलं होतं, शिबिरात हे मिटलं नाही तर पुढच्या सत्रात वर्गाच्या दोन तुकड्या करणार आणि एक वरच्या मजल्यावर जाणार. वरच्या मजल्यावर गेलेली पोरं खालच्यांना कधी भेटत नाहीत, जिन्यात चढताना दिसतात तेवढीच. माझा जीव खालीवर व्हायला लागला. पंखा काय, आज ना उद्या कोणीतरी बंद करेल, पण मैत्रिणी?

मग मी उपक्रम आखायला बसले. म्हणजे गच्चीवर जाऊन आडवी पडले, कारण मला बसून सुचत नाही. मदतीला खेळाचे सर होते. त्यांनी पहिल्या झटक्यात रस्सीखेच सुचवली. मी म्हटलं, सर, आधीच दोन बाजू आहेत, त्यांच्या हातात वर दोरी कशाला द्यायची? त्यांचा चेहरा पडला. (माणूस मनाने फार चांगला. त्यांना जगातला प्रत्येक प्रश्न दोरीने सुटेल असं वाटतं, आणि कधीकधी सुटतोही.) मी स्वतः ठरवलेली 'मानवी गाठ' तर त्याहून वाईट निघाली. सगळ्यांनी गोल करून समोरच्यांचे हात धरायचे आणि हात न सोडता गुंता सोडवायचा, असा तो खेळ. शिबिरघराच्या अंगणात पहिल्याच सकाळी तो घेतला. पोरांनी समोरच्या बाजूच्या हाताला हात लागू नये म्हणून मध्ये रुमाल धरले, काहींनी नुसतीच दुसऱ्याच्या बाहीची टोकं पकडली. गुंता सुटला नाहीच, एका शर्टाची शिवण मात्र सुटली.

शेवटी राहिलं माझं लाडकं मौन. मला वाटलं, बोलूनच एवढं बिघडलंय तर जरा न बोलून बघू. शिबिरघर तळ्याकाठी आहे. दुपारी पाणी असं निपचित पडलेलं असतं की त्यात दिसणारे आपण खरे की काठावरचे खरे, हेच कळेनासं होतं. मी पोरांना झाडाखाली बसवलं, शिबिरघरातली दांडीची पितळी घंटा हातात घेतली आणि सांगितलं, ही वाजली की मौन सुरू, परत वाजली की संपलं. मध्ये कोणी एक शब्द बोलायचा नाही. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण मला कसली अवदसा आठवली कोण जाणे, मी पुढे म्हटलं, "मी तुमची परीक्षा घेणार आहे. मी स्वतः येऊन मौन संपलं म्हणून सांगेन, रागवेन, विनवण्या करेन, तरी फसायचं नाही. फक्त घंटेचं ऐकायचं." आणि मोठ्या थाटात हात उंचावून घंटा वाजवली. टण्ण झालं, आणि आतला लोलक, तो लोंबणारा गोळा गं, निसटून हवेत गेला, उन्हात एकदा चमकला आणि डुबुक करून तळ्यात पडला.

माझ्या हातात नुसती पितळी वाटी उरली. मी ती हलवून बघितली. पोरं गंभीरपणे माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, मुलांनो, घंटा मोडली, मौन रद्द. ती हसली. मनातल्या मनात, ओठ मिटून, 'वा बाई, काय बेमालूम!' अशा नजरेने. मी शपथ घेतली, त्यांनी माना हलवल्या. मी रागावले तर दोघांनी अंगठे वर करून माझ्या अभिनयाला दाद दिली. सरांनी शिट्टी फुंकली, कोणी ढुंकून बघितलं नाही. स्वयंपाकघरातून पळी आणून मी घंटेवर बडवली, तर चष्मिषने कानाजवळ बोट नेऊन 'हा तो आवाज नाही' अशी खूण केली. वर्षभर ज्या पोरांनी माझं एक वाक्य धड ऐकलं नव्हतं, त्यांनी नेमकं हेच ऐकून ठेवावं! मी हताश होऊन झाडाला टेकले आणि, काय सांगू मावशी, पाचच मिनिटांत माझा डोळा लागला.

जाग आली तेव्हा ऊन कललं होतं, आणि मला वाटलं मी अजून झोपेतच आहे. सगळीकडे पोरं हिंडत होती आणि कसलाच आवाज नव्हता. कोणी पालथं पडून मुंग्या बघत होतं, कोणी पाण्यात बोटं सोडून बसलं होतं. एक खिडकीवाला एका भिंतीवाल्याला लांबचा पक्षी दाखवत होता, आणि दुसऱ्याला तो दिसेना म्हणून पहिल्याने त्याची हनुवटी धरून मान वळवली. त्यांना बहुतेक आपण काय करतोय ते कळलंही नसावं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की सगळेच गप्प असले की कोण कोणाशी बोलत नाही हे कळतच नाही. अबोला धरायला सुद्धा आजूबाजूला थोडं बोलणं लागतं. मला इतकं बरं वाटलं की रडूच आलं.

संध्याकाळच्या खाण्याला तर नवलच झालं. जेवणघरात पंखा आहे, आणि बटण दाराशी. चष्मिष सरळ बटणाकडे गेली. मी हातातला घास खाली ठेवला. तिने बटणावर हात ठेवला आणि मागे वळून लांबवेणीकडे बघितलं, भुवया उंचावून. बोलता येत असतं तर ती बोलली असती आणि मेलं सगळं पुन्हा पेटलं असतं. लांबवेणीने जरा विचार केला, आपली ताटली उचलली, ती पंख्याखालून हलवून कोपऱ्यात नेली आणि मान डोलावली. पंखा लागला. कोणाचे कागद उडाले नाहीत, कारण कागद नव्हतेच. मी म्हटलं, अरे देवा, हे एवढंसंच होतं होय?

तेवढ्यात सरांना मोठ्या बाईंचा फोन आला. सर म्हणाले, सगळं शांत आहे. नववी आणि शांत, एवढं ऐकूनच त्या बाईंचं धाबं दणाणलं. पोरं हरवली, बुडाली की बेशुद्ध पडली, असं काहीबाही मनात येऊन त्या तडक गाडी करून निघाल्या. इकडे सरांनी धीर एकवटला, विजार दुमडली आणि लोलक शोधायला तळ्यात उतरले. पाणी गुडघ्याएवढंच होतं. त्यांना चाचपडताना बघून एक पोरगं उतरलं, मग चार, मग अख्खा वर्ग. मग मी तरी काठावर कशी राहणार? (कंबर इथे धरली.) सगळे वाकून चिखलात हात घालतायत, एकमेकांवर आपटतायत, घसरणाऱ्याला दंडाला धरून उभं करतायत आणि तोंडातून चकार शब्द नाही. पाण्यावर संध्याकाळचा रंग सांडलेला आणि त्यात नुसते वाकलेले पाठीचे कणे. मोठ्या बाई काठावर पोचल्या त्या ह्याच क्षणी. "अहो, हे काय चाललंय काय!" त्या ओरडल्या, आणि अख्ख्या नववीने एकदम मागे वळून ओठांवर बोट ठेवलं. मावशी, त्या गप्प बसल्या गं! नोकरीत पहिल्यांदाच.

लोलक लांबवेणीला सापडला. तो अडकवायला कडी नव्हती, तेव्हा चष्मिषने आपल्या केसांची रिबीन सोडली आणि त्या रिबिनीने तो बांधून दिला. दोघींनी मिळून घंटा हलवली. टण्ण. मला वाटलं आता गलका फुटणार. कोणीच बोललं नाही. सगळे तसेच पाण्यात उभे. मला वाटतं त्यांना ते इतक्यात संपायला नको होतं. मलाही नको होतं. मग लांबवेणी म्हणाली, "तुझ्या चष्म्याला शेवाळ लागलंय." चष्मिष म्हणाली, "मग पूस की." आणि लांबवेणीने पुसलं.

तुकड्या आता होणार नाहीत. मोठ्या बाईंनी तसं सांगितलं, आणि अहवालात उपक्रमाचं नाव काय लिहायचं असंही विचारलं. वर्गात भांडणं अजून होतात, भरपूर होतात, पण बाजू रोज बदलतात. काकांना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझी,
भाची

ता. क. शिबिराचं एवढं पुराण कशासाठी लावलं ते सांगते. पुढच्या रविवारी तू आमच्याकडे ये. तुला आईशी बोलावं लागणार नाही आणि तिला तुझ्याशी. घरात दिवसभर मौन असेल, मीसुद्धा तोंड उघडणार नाही. तुम्ही दोघी नुसत्या एका खोलीत बसा. मी एवढंच मागते आहे. पत्र त्याबद्दल नाही असं वर लिहिलं ते साफ खोटं.

ता. क. दुसरा. हे सगळं आईला आत्ताच सांगितलं. ती म्हणाली, "येऊ दे नाहीतर राहू दे, मला काय त्याचं? मी एक अक्षर बोलणार नाही."

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवत होते तर ती परत आली. म्हणाली, "तिला लिही, सकाळच्या बसने येऊ नकोस म्हणावं. ती बस वळणावळणाने येते, तिला मळमळतं. दुपारच्या बसने ये म्हणावं, आणि पुढच्या सीटवर बस."