कडेची नजर

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू हसण्यावारी नेलं असतंस, म्हणून लिहितोय. मेंदूच्या ऑपरेशनला डॉक्टरांना स्क्रीनवर वाट दाखवणारं मशीन मी सांभाळतो. असले एमआरआय रोज बघतो. काल तुझा बघितला आणि तसाच सरांकडे, म्हणजे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांकडे धावलो. नाकाच्या मागे, मेंदूच्या तळाशी गाठ आहे. साधीच वाटते, कॅन्सरची नाही, असं सर म्हणतात. पण ती डोळ्यांच्या नसा दाबतेय. समोरचं दिसतं, कडेचं जातं.

वर्षभर तू चौकटीला खांदा आपटत होतीस, शेजारी ठेवलेला चहा सांडत होतीस, आणि मी तुला आंधळी कोशिंबीर म्हणून सगळ्यांना हसवत होतो. कळायला हवं होतं ते घरात एकट्या मला.

ऑपरेशन दुर्बिणीतून, नाकपुडीच्या वाटेनं. डोकं उघडायचं नाही. भाऊजींना हे वाचून दाखव. माझ्यावरचा राग भेटीत काढ.

तुझा,
बारक्या

ता. ११ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

मेंदूचं ऑपरेशन नाकातून, हे ऐकल्यावर ह्यांनी स्वतःचंच नाक चाचपून पाहिलं. तू चिडवायचास ते मनाला लावून घेऊ नकोस. मीच हसायचे, कारण हसलं की कुणी पुढचं विचारत नव्हतं.

मला कळत होतं रे. शाळेची व्हॅन वळवताना कडेची सायकल दिसायचीच नाही, मग एकदम समोर उभी. मागे पोरं गाणी म्हणत असायची. काम जाईल म्हणून गप्प राहिले. काही झालं नाही हे नशीब, माझं शहाणपण नव्हे. आता किल्ली ह्यांच्या हाती शाळेत परत पाठवली आहे.

ऑपरेशनला मशीनपाशी तूच बस. तू असलास की मला भीती नाही.

तुझी,
ताई

ता. १९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप घरी पोचल्याचं कळलं. नाक शिंकरू नकोस, जड उचलू नकोस.

माझ्या भावानं वाट दाखवली, असं तू सगळ्यांना सांगतेस म्हणे. ते खरं नाही. तुला भूल दिल्यावर मी तुझ्या नाकाच्या शेंड्याला मशीनची सळई टेकवली, तर स्क्रीनवर ती गालावर दिसली. मशीन चांगलं होतं. तुझा चेहरा आणि एमआरआय यांची जुळणी करताना माझंच चुकलं होतं. पुन्हा केली, पुन्हा तेच. मग उठलो आणि सरांना म्हणालो, आज माझ्याच्यानं होणार नाही. माझी सहकारी बसली. तिनं नीट जुळवलं. मी बाहेर जिन्यावर बसून होतो. गाठ निघाल्याचंही तिनंच येऊन सांगितलं. शुद्धीवर आल्यावर तू माझा हात धरलास, तेव्हाही हे सांगायचं मी टाळलं.

पूर्वीसारखीच माया कर, एवढंच मागणं.

तुझा,
बारक्या

ता. २ एप्रिल

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं. तुला खुर्ची सोडता आली. मला स्टिअरिंग सोडता आलं नव्हतं.

काल शाळेत जाऊन पालकांना सगळं सांगितलं. एक आई म्हणाली, की तिनं रोज सकाळी किती विश्वासानं पोरीला माझ्या हवाली केलं होतं. तिचं चुकलं नाही. मुख्य बाईंनी व्हॅन परत देणार नाही म्हणून सांगितलं, मी बरं म्हटलं.

बाहेर पडले तर फाटकाच्या कडेला तिची ती पोरगी उभी होती, मला हात हलवत. मान न वळवता दिसली मला. माझा हात काही वर झाला नाही.

सुट्टी मिळाली की ये. आपल्यातला जिव्हाळा आहे तसाच राहू दे.

तुझी,
ताई