खांबापाशी उभा राहणारा

दादा,

नदीवरचा जुना रेल्वेपूल पुढच्या आठवड्यात पाडणार आहेत. कचेरीसाठी मी त्याचे शेवटचे फोटो काढले, तर साहेबांनी परत पाठवले. म्हणाले, "उंची कळत नाही. खांबापाशी माणूस उभा करा."

इतकी वर्षं तो माणूस तूच होतास. "पोट आत घे," मी ओरडायचो आणि तू मुद्दाम फुगवायचास. आईच्या आजारपणात मी तुला नको ते बोललो, आणि तू गेलास तो गेलासच. पत्ता आहे माझ्याकडे. पाकिटावर लिहायला हात धजत नाही.

आज टायमर लावून मीच धावलो. फोटोत बघतो तर मी खांबापासून हातभर लांब, मधे तुझ्यापुरती जागा सोडून उभा.

साहेब विचारतील, खांबाला चिकटून का नाही उभे राहिलात?

काय सांगू त्यांना?

तुझाच,
धाकटा