वग्दीचे जिवाणू

७ ऑक्टोबर
वाळवंटातल्या वादी नत्रूनला पोचले एकदाची! प्रयोगशाळेच्या खिडकीतून खारं सरोवर दिसतं, काठाला गुलाबी झाक. डॉक्टर इन्साफबाईंनी गरम रोटी आणि फूल, म्हणजे इकडची घेवड्याच्या दाण्यांची उसळ, पुढे ठेवली आणि पहिलाच टोला हाणला, "मिठाईच्या गावची, तांताची ना तू, नर्मीन? मग हलवा कुठाय?" दोघीही पोट धरून हसलो. काम मजेचं आहे. सरोवराच्या चिखलातल्या जिवाणूंना सोन्याचा क्षार पाजायचा. ते त्याचे डोळ्यांना न दिसणारे नॅनोकण करतात आणि चंबूतलं फिकट पाणी डाळिंबाच्या रसासारखं लाल होतं.

९ ऑक्टोबर
हे जिवाणू बाईंच्या नवऱ्यानं, वग्दींनी शोधले. गेल्या वर्षी ते नमुने आणायला सरोवरात उतरले, परत आलेच नाहीत. काठावर बूट तेवढा सापडला. त्याला लागलेल्या चिखलातूनच बाईंनी ही जात वाढवली. रोज सकाळी चंबूला विचारतात, "उठलास का, वग्दी?" ऐकून गलबलून येतं.

१४ ऑक्टोबर
पडताळ्यासाठी एका चंबूत सोनं घातलंच नव्हतं. दुपारी तोही लाल. माझीच चूक असेल म्हणून पुन्हा लावला. पुन्हा लाल. बाई लाजल्यासारख्या हसल्या. "वग्दी कधी रिकाम्या हातानं घरी आलाय का गं?" त्यांच्या बोटातली लग्नाची अंगठी तारेएवढी बारीक झाली आहे.

१९ ऑक्टोबर
आज अंगठी नाहीच. बोटावर नुसता पांढरा वळ. विचारलं तर म्हणाल्या, नेली त्यानं, आता मलाही बोलावतोय. हात धरला, रागावले, दार अडवलं. जेवणानंतर जरा पाठ वळली आणि —
पोलीस काठाकाठानं शोधताहेत. चपलासुद्धा नाहीत.

२० ऑक्टोबर
सगळे चंबू वाफेच्या भांड्यात घालून उकळले. बाहेर काढले तर आणखी गडद. मोरीत ओतले. वर आम्ल ओतलं. संपलं.
उद्या गाडी येईल. तांता. आई.

२१ ऑक्टोबर
नळाला लालसर पाणी. मघाचा चहा — याच पाण्याचा —

जीभ जड झालीय. कुणीतरी माझ्या आधी श्वास घेतंय —

गाडी आली. ड्रायव्हरनं खालून नाव विचारलं, मी खिडकीतून ओरडून सांगितलं. तो गोंधळला. म्हणाला, "नाही हो साहेब, मला नर्मीन नावाच्या मुलीला न्यायचंय."
मग मी कोणतं नाव —