आंबेघाळची तारीख

८ जुलै १९९६
बसलो की उठावंसं वाटतं. आमदार निवासाच्या व्हरांड्यात इतक्या येरझाऱ्या घातल्या की शेजारचे विश्वासराव — जुने, मुरलेले आमदार — दार उघडून म्हणाले, "अण्णा, स्वल्प निजू द्या की."

उद्या आंबेघाळचा विषय. या गावासाठी बेळगावच्या कोर्टात वर्षानुवर्षं भांडलो, म्हणून तर लोकांनी वकिलाला आमदार केलं. धरणाची भिंत उभी आहे. या पावसाळ्यात दारं बंद झाली तर गाव पाण्यात. मंत्र्यांकडून सभागृहात एवढंच वदवून घ्यायचं — आधी पुनर्वसन, मग पाणी.

९ जुलै
मोजणीचे नकाशे आलेच नाहीत. कागदाशिवाय उभं राहायची मला सवय नाही. अध्यक्षांकडे पुढचा सोमवार मागितला. मंत्री लगेच कानडीत, "आगली सार!" — होऊ द्या की. कोर्टात तारीख मागितली की समोरचा वकील किती कुरकुरतो! खूश झालो. गावात परसूला, माझ्या जुन्या अशिलाला, फोन केला — सोमवारची तारीख मिळाली म्हणून.

११ जुलै
जेवण जात नाही. मंत्री इतक्या चटकन हो का म्हणाले? विश्वासरावांना विचारलं. त्यांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. "उद्या अधिवेशन गुंडाळतायत. तुम्हाला कुणी बोललं नाही?"

१२ जुलै
गुंडाळलं. उभा राहिलो, बसवलं. पुन्हा उभा राहिलो, पुन्हा बसवलं.

कोर्टात तारीख पडली की खटला जिवंत राहतो. त्यावरच माझं पोट चाललं. इथं अधिवेशन संपलं की विषयही संपला. अक्कल गहाण ठेवून आलो होतो! मंत्री जिन्यात भेटले, हसून हात जोडले. थोबाडीत द्यावीशी वाटली. मीही हात जोडले.

१४ जुलै
फोनच्या बूथपर्यंत गेलो. परत आलो.

१५ जुलै
सकाळी परसूच दारात. चेहरा फुललेला. "वकीलसाब, तुमचा फोन आला नि गावाला हुरूप आला. तारीख मिळाली म्हंजे तवर जमीन आपली, पीक हातचं, तुम्हीच शिकवलंय न्हवं? लावणी उरकली सगळ्यांनी. वर माळावर ऱ्हायला गेलेली घरं बी खाली आली परत."

लाज वाटली. सगळं सांगितलं, काही न लपवता. तो टोपीची घडी घालत बसला, मग उलगडत बसला.

"सरी, बरं," म्हणाला. "मग पुढची तारीख कधी?"

१६ जुलै
परसूबरोबर निघालो. गावात राहायला खोली मागितली आहे — ओढ्याकडची. पाणी आलं तर आधी माझ्या दारात येईल.