आधी शीर्षक, मग धडा

१८ जून १९७९, सोमवार
शाळा सुरू. आठवी 'अ'चं मराठी माझ्याकडे. यंदा फळ्यावर तयार उत्तरं लिहून देणार नाही म्हणजे नाही. आपली मुलं धडा वाचतात म्हणजे काय करतात? पहिल्या ओळीतून आत शिरतात आणि शेवटच्या ओळीतून बाहेर पडतात. शीर्षक बघत नाहीत. उपशीर्षक, चित्र, चित्राखालची ओळ, तळटीप, कशाचाच पत्ता नाही. अलंकार तर परीक्षेच्या आदल्या दिवशी पाठ करायचे. माझी पद्धत नवी: आधी हे सगळं बघायचं, मगच धडा. मुख्याध्यापिका यशोदाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, गांगुर्डे सर, पोर्शन वेळेत संपवा म्हणजे झालं. थोडक्यात, विरोध नाही.

२७ जून, बुधवार
पहिला धडा 'तहान'. पूर्ण तास शीर्षकावर. तहान कोणाची? पाण्याची की आणखी कशाची? वर्ग विचारात बुडाला. मागच्या बाकावरची दोन मुलं तर इतकी बुडाली की हलवून उठवावं लागलं. मैना दाभाडे म्हणून एक मुलगी आहे, चुणचुणीत पण उतावळी. म्हणाली, सर, आत वाचलं तर कळेल ना? तिला सांगितलं, घाईनेच देशाचं नुकसान झालंय.

९ जुलै, सोमवार
अजून शीर्षकावरच. पाया पक्का हवा.
आज उपमा सुरू केली. गृहपाठ: घरातल्या वस्तूंना उपमा द्या. भाषा जगण्यातून यायला हवी.

१० जुलै, मंगळवार
भाषा जगण्यातून आली. वर्गातल्या काळूची आई झुंबरबाई मधल्या सुट्टीत शाळेत. काळूने रात्री जेवताना भाकरीला चपलेच्या तळव्याची उपमा दिली. त्या स्टाफरूमच्या दारातूनच ओरडल्या, "मास्तर, पहाटंपासून चुलीपुढं बसते मी, अन् ह्यो भाकरीला चप्पल म्हनतो! हे शिकवता व्हय शाळंत?" मी शांतपणे समजावलं की ही उपमा आहे, त्याला उपमा छान जमलीय. त्या म्हणाल्या, "मंग तुमच्याच घरी खाऊ घाला त्याला उपमा. म्या नाय भाकर देनार."
आठवी 'ब'ला मराठी शिकवणाऱ्या सुमनबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. हसोत. पालक शाळेत येऊ लागले, हे यश कोणाचं?

४ ऑगस्ट, शनिवार
क्षेत्रभेट! वर्ग हमरस्त्यावरच्या द्वारका चौकात नेला. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या पाठी, सगळीकडे मजकूर. अलंकार शोधा म्हणालो. एका भिंतीवर 'येथे थुंकू नये', आणि खाली भिंत लालभडक. काळूने विचारलं, सर, हा विरोधाभास का? मला भरून आलं.
मग एका मालेगावच्या ट्रकमागचं वाचायला चौघे रस्त्यात उतरले आणि हवालदाराने वर्गासकट मला बाजूला घेतलं. त्याला चेतनगुणोक्ती अलंकार समजावत होतो, तेवढ्यात यशोदाबाई स्वतः रिक्षाने आल्या. परतताना एक शब्द बोलल्या नाहीत. प्रभावित झाल्या असाव्यात.
सुमनबाईंचे पाच धडे झालेत म्हणे. धावू देत.

२० ऑगस्ट, सोमवार
तपासणी. शिक्षण खात्याचे अधिकारी माझ्याच तासाला येऊन बसले. मी मनात म्हणालो, या.
वर्गाने कमाल केली. शीर्षक किती अर्थांनी घेता येतं, उपशीर्षकं कोणती, तळटीप कुठल्या शब्दाला, चित्रातल्या बाईच्या हातात काय, सगळं फडाफडा. अधिकाऱ्यांच्या भुवया वर गेल्या. मग त्यांनी विचारलं, बरं, धड्यातल्या विहिरीला शेवटी पाणी लागतं का?
मैना उभी राहिली. "सर, आम्ही अजून आत गेलो नाही. आम्हाला परवानगी नाही."
अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चित्राकडे पाहिलं. म्हणालो, चित्रात तरी पाणी दिसत नाही.
त्यांनी पुस्तक घेतलं आणि उभ्या उभ्या धडा वाचायला लागले. कसलंही विश्लेषण नाही, नुसतं वाचन. पुतळाबाई एकटी विहीर खणते, गाव तिला वेडी म्हणतं. पाणी लागतं तेव्हा ती स्वतः पीत नाही. सगळ्यात जास्त हसणाऱ्या शेजारणीची घागर आधी भरते. काळू बाहीने डोळे पुसत होता. घंटा झाली तरी कोणी उठेना.
दोन महिने शीर्षकावर घालवले नसते तर हा परिणाम झाला असता का? अधिकाऱ्यांना तसं म्हणालोही. ते चहा न घेता गेले.

३ सप्टेंबर, सोमवार
आठवी 'अ' सुमनबाईंकडे. मला पाचवीची कवायत आणि शाळेचं ग्रंथालय. यशोदाबाई म्हणाल्या, तुम्हाला मुखपृष्ठांची आवड आहे, तिथे भरपूर आहेत. माणसं काळाच्या मागे असली की असंच बोलतात. मी मागे हटणार नाही. ग्रंथालयात नियम करणार: अनुक्रमणिका तोंडपाठ झाल्याशिवाय पुस्तक घरी न्यायचं नाही.
हिला सांगितलं. ही म्हणाली, मग कोण नेणार पुस्तक? हिलाही काळाची जाण नाही.

८ सप्टेंबर, शनिवार
नियम लावल्यापासून ग्रंथालयात शांतता. अभ्यासाचं वातावरण.
दुपारी मैना आली. एक जाड कादंबरी परत केली, नियमाआधी नेलेली. विचारलं, प्रस्तावना? तळटिपा? प्रकरणांची नावं? म्हणाली, ते नाही बघितलं सर, पण दोनदा वाचली. मग तिनेच विचारलं, "तुम्ही वाचलीय?"
म्हणालो, कधीचीच!
"मग शेवटी त्या बहिणी भेटतात तेव्हा तुम्हाला पण रडू आलं का?"
म्हणालो, ते व्यक्तिगत आहे.
कादंबरी घरी आणली. पोरीला पद्धतीने चार प्रश्न विचारून तिचा उथळपणा दाखवून देणार.

९ सप्टेंबर, रविवार
प्रश्न काढायला सकाळी पुस्तक उघडलं. हिने जेवायला हाक मारली. नंतर पुन्हा मारली. नंतर ताट झाकून ठेवलं आणि शेजारी गेली. परत आली तेव्हा दिवेलागण झाली होती. हिने विचारलं, डोळ्यांना काय झालं? म्हणालो, कचरा गेला.
बहिणी भेटतात.
प्रश्न एकही निघाला नाही. प्रकरणांना नावं होती की नुसते आकडे, ते आठवत नाही. हे शाळेत कोणाला कळता कामा नये.