मोरपंखी झाकणाची बाटली

अहो,

तुम्ही गेल्यापासून दोन वर्षांत एकदाही तुम्हाला लिहावंसं वाटलं नव्हतं. गेल्या महिन्यात मुलुंडच्या डॉक्टरीणबाईंनी मला काचबिंदू असल्याचं सांगितलं आणि टेबलावर एक बाटली ठेवली. करंगळीएवढी, मोरपंखी झाकणाची. मी ती लगेच ओळखली. तरी लिहायला बसले ते आज सकाळी जे झालं त्यामुळे.

आपल्या फ्रिजच्या दारात, कोकमाच्या बाटलीमागे हीच असायची ना?

तेव्हा तुमचे डोळे कायम लाल. विक्रोळीला तुमच्या मित्राकडे, सावंतांकडे बसून संध्याकाळी परतलात की खांदा दाराच्या चौकटीवर आपटायचा, बाजूला ठेवलेला चहाचा कप हाताने उडायचा. नवरा लाल डोळ्यांनी धडपडत घरी येतो, तर बाईने दारूशिवाय काय समजायचं? विचारलं की म्हणायचात, "काही नाही गं, झोप नाही झाली." मग बाटली सापडली. लाली लपवायचेच थेंब असणार, म्हणून मी ती तुमच्यासमोर मोरीत रिकामी केली. सावंतांकडून आता तोंडाचा वास घालवायचंही औषध आणा, असं वर ऐकवलं.

तुम्ही नुसते हसलात आणि दुसऱ्या दिवशी नवी बाटली आणलीत. भांडला का नाहीत? वास कधीच येत नव्हता, हे मला तरी कुठे कळत नव्हतं!

डॉक्टरीणबाईंना मी सहजी सोडलं नाही. औषधाने डोळे लाल कसे? म्हणाल्या, डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या बारीक रक्तवाहिन्या या थेंबांनी रुंदावतात. मग डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या आतल्या नसेलाही जास्त रक्त मिळतं का? ते लालीवरून कळत नाही, म्हणाल्या. थेंबांनी डोळ्यातला दाब उतरतो, दाब उतरला की नसेचं रक्त अडत नाही, एवढा भरवसा. आणि गेलेली नजर?

"ती परत येत नाही. उरलेली सांभाळायची."

आधी कडेचं दिसेनासं होतं म्हणे. चौकट. कप.

माझा अजून पुरता विश्वास बसलेला नाही. घालून काडीचं जास्त दिसत नाही, ते औषध कसलं? तुम्हीही असाच संशय धरून थेंब चुकवत होतात का? की मी ओतले तेवढेच चुकले? आता कोणाला विचारू?

आज सकाळी बोरिवलीहून आपली मेधा आली. चप्पल काढता काढताच म्हणाली, "आई, डोळे का गं लाल?"

"काही नाही गं, झोप नाही झाली," मी म्हणाले.

तुमचंच वाक्य, जसंच्या तसं. मग उमगलं. खरं सांगितलं असतंत, तर मी तुम्हाला एकटं विक्रोळीला जाऊ दिलं असतं का? पायरीपायरीला हात धरला असता. मलाही तो धरून घ्यायचा नाही.

तरी माझ्यापासून लपवलंत, याचा राग आहेच.

मेधा स्वयंपाकघरात भाजी निवडतेय. हे पत्र मिटलं की तिला हाक मारते. बाटली दाखवते, मोरीत काय ओतलं होतं तेही सांगते. आणि आजचे थेंब तिच्याच हातून घालून घेते. हा माझा शब्द.

तुमची,
सुलभा