तिसऱ्या खांबाचे उत्तर कुणाचे

मी, जगदेव नानाजी इढोळे, वय सुमारे छप्पन्न, धंदा पाट्या रंगवणे व थोडी शेती, राहणार वाशीम, आज शुद्धीवर असताना आणि कोणी दटावले म्हणून नव्हे, तर स्वतःच्या मनाने हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझे दुखणे पोटात आहे, डोक्यात नाही. पोटात गाठ आहे आणि ती कापावी लागेल, असे अकोल्याचे डॉक्टर म्हणाले. उशीर करू नका, असेही म्हणाले. याआधी गेल्या महिन्यात एक मृत्युपत्र लिहिले होते. ते मी माझ्या हाताने फाडले आहे. त्याची नक्कल कोणी पुढे आणली तर ती खोटी समजावी. का फाडले ते खाली येईल.

कलम पहिले. वाशीम येथील दोन खणांचे घर माझ्या कमाईचे आहे. ते माझी पत्नी पंचफुला हिने हयातभर वापरावे. तिच्यामागे ते मुलगा इंद्रभान याचे. पंचफुलाला कोणी ओसरीवर झोपायला लावू नये. हे कोणासाठी लिहिले आहे ते इंद्रभानच्या बायकोला कळेल.

कलम दुसरे. शिडी, सर्व कुंचले, रंगाचे डबे आणि सरळ रेघा आखायला सूत मारण्याची दोरी मुलगी रामीबाई हिला. ती शेलूबाजारला दिलेली आहे. ‘बाईमाणसाला कुंचले कशाला’ असे जावई विचारतील. त्यांना सांगावे की लहानपणी माझ्या पाट्यांची अर्धी अक्षरे तिने भरली आहेत आणि तिचा ‘क्ष’ माझ्यापेक्षा चांगला येतो.

कलम तिसरे. लखीराम तंबूवाला याला काही नाही. तो मागायला येणार नाही, पण आला तर दारातून पाणी पाजून परत पाठवावे. कारण पुढच्या कलमात आहे. ते कलम लांब आहे. वकिलांचे कारकून म्हणाले की मृत्युपत्रात इतके लिहीत नाहीत. मी म्हणालो, मला दुसरीकडे लिहायला जागा उरली नाही.

कलम चौथे. मी तरुणपणी जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींवर नंबर घालीत असे. तिथून अक्षराला हात बसला. पुढे लखीरामचा बोलपटांचा तंबू वाशीम, अनसिंग, शेलूबाजार असा फिरू लागला, तेव्हा त्याच्या पाट्या माझ्याकडे आल्या. तो बहुधा रहस्यपट आणायचा, तेही अकोल्याला चालून जुने झालेले. नावाजलेली चित्रे होती. पण पाटीवर नाव घातले की बाजारात एखादा तरी ओरडायचा, "अरे, खून त त्या मुनीमजीनं केला!" आणि तंबू ओस पडायचा. म्हणून मी लखीरामला म्हणालो, नाव लिहूच नको. नावाचे कोडे घालू. जो ओळखील त्याला घरच्या माणसांसह फुकट बसव.

ते फार चालले. बाजाराच्या दिवशी पाटीखाली पेटी ठेवलेली असे, लोक चिठ्ठ्या टाकीत. ‘सगळे पाहतो, बोलत नाही, बोलला की फुटतो’ असे मी एकदा लिहिले. चित्राचे नाव होते ‘काँच का गवाह’. त्या आठवड्यात अनसिंगला दाढी करतानासुद्धा माणसे आरशाशी बोलत होती. लिहिता न येणाऱ्यांचे उत्तर मी स्वतः चिठ्ठीवर उतरवून घेत असे आणि घरातल्या कर्त्या पुरुषाचे नाव घालीत असे. तशीच रीत होती. ती रीत मी पाडली, हे इथे नमूद करतो.

सोमला हा अनसिंगजवळच्या तांड्यावरचा. त्याची बायको गोमतीबाई सरपणाच्या मोळ्या घेऊन बाजारात माझ्या पाटीशेजारी बसायची. पाटी कोणीतरी मोठ्याने वाचली की ही मोळ्यांकडे बघत बसायची आणि उन्हे कलायच्या आत उत्तर सांगायची. बेचाळीस कोड्यांपैकी तिने किती सोडवली ते मी मोजले नाही, पण तिचे चुकलेले एकही आठवत नाही. चिठ्ठीवर मी लिहायचो : सोमला. सोमला तंबूत येऊन झोपून जायचा. चित्र ती पाहायची.

सन १९४२ च्या नोव्हेंबरात मी अनसिंगला कोडे घातले : ‘दोन सर्वांना दिसतात. जो दिसत नाही, त्याच्याच पोटात सगळे आहे. तो पडेल तेव्हा घर बोलेल.’ चित्राचे नाव ‘तीसरा खंबा’. हवेलीच्या तिसऱ्या खांबात प्रेत चिणलेले असते, अशी गोष्ट. अकरा चिठ्ठ्या आल्या. कोणी चोर लिहिले, कोणी भूत. गोमतीबाई म्हणाली, "दोन सांगतले म्हंजे तिसरा असनारच, जगदेवभाऊ. अन् पडते कोन? जे उभं असते ते. घरात उभं काय असते? खांब. लिवा, तिसरा खांब."

मी लिहिले. खाली लिहिले : सोमला.

तिसऱ्या दिवशी रेल्वेच्या बाजूने जाणाऱ्या तारेचा एक खांब कोणीतरी करवतीने कापून पाडला. रुळाखालच्या मोरीपासून मोजला तर तो तिसरा. कापणारा कोण ते आजपर्यंत मला ठाऊक नाही. ते दिवसच तसे होते, ठिकठिकाणी तारा तुटत होत्या. दुपारी शिपाई आले. त्यांनी पाटी उचलली, पेटी उचलली, आणि मलाही. चौकी कोणती आणि फौजदार कोण हे मी लिहीत नाही. मला त्यांच्याशी भांडण उकरायचे नाही. मला माझे सांगायचे आहे.

फौजदारांनी अकरा चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. "पाटीवर लिहिलंस, तो पडेल. चिठ्ठीत उत्तर, तिसरा खांब. आणि पडला तिसराच. आम्ही काय समजायचं?"

मी म्हणालो, साहेब, हे सिनेमाचे नाव आहे, रिळांच्या डब्यावर छापलेले आहे. त्यांनी डबा मागितला. पण गडबड ऐकून लखीराम सकाळीच तंबू, रिळे सगळे बैलगाड्यांवर घालून निघून गेला होता. आठ दिवसांनी तो सापडला. मी त्याच्या पाया पडलो : फक्त डबा दाखव. तो म्हणाला, "मेरा तंबू बंद हो जाएगा, पेंटर. तू छूट गया ना? अब चुप बैठ." कलम तिसरे यासाठी.

तर त्या दुपारी डबा नव्हता. फौजदारांनी विचारले, हे उत्तर कोणाचे? मी म्हणालो, सोमलाचे. मनाशी म्हणालो की एका बाईला चौकीत कशाला ओढायचे. हे खरे आहे, पण पूर्ण खरे नाही. बाईचे नाव घेतले असते तर ‘मग सोमलाचे का लिहिलेस, आणखी काय काय खोटे लिहितोस’ असे ते म्हणाले असते, ही भीती जास्त होती. मग त्यांनी विचारले, "खांब पडणार हे त्याला आधीपासून ठाऊक होतं का?"

मला ‘नाही’ म्हणता आले असते. ‘मला ठाऊक नाही’ असेही म्हणता आले असते. मी म्हणालो, "असंल, साहेब."

एवढेच. त्यांनी ते लिहून घेतले, मी खाली सही केली. दिवस मावळण्याआधी मी घरी होतो. सोमलाला चौदा महिने झाले. ज्याने एकही कोडे कधी सोडवले नव्हते, त्याला कोड्याचे उत्तर दिले म्हणून तुरुंग. परत आला तो खोकला घेऊन आला आणि १९४५ च्या पावसाळ्यात गेला. त्या घराचे नाव चौकीच्या वहीत राहिले ते राहिलेच. आसपास कुठे काही चोरीला गेले की आधी त्याचा मुलगा गोविंदसिंग याला बोलावतात. दोनदा त्याला पेरणीतून उठवून नेले. तो आता तेवीस वर्षांचा आहे आणि त्याची सोयरीक त्याच कारणाने मोडली.

हे सगळे होत असताना गोमतीबाई बाजारात माझ्याच शेजारी बसत होती. तंबू पुन्हा येऊ लागला, कोडी सुरू झाली. ती उत्तरे सांगायची, पण म्हणायची, "चिठ्ठी नका लिवू. असंच आयका." मला वाटायचे, घाबरली आहे. मला बरे वाटायचे, कारण तिला काही ठाऊक नाही. रस्त्यात सायकलची घंटी वाजली तरी शिपाई आला वाटून माझ्या पोटात गोळा यायचा. गाठ तिथेच धरली असावी, असे पंचफुला म्हणते. डॉक्टर तसे म्हणत नाहीत.

कलम पाचवे. गेल्या महिन्यात फाडलेल्या मृत्युपत्रात मी अनसिंगचे तीन एकर वावर गोमतीबाईला लिहिले होते. कारण लिहिले नव्हते. मेल्यावर वाचतील, मला कोण विचारणार, असा माझा हिशेब. पण झोप गेली. शेवटी मी तांड्यावर गेलो. ती अंगणात मोळ्या बांधत होती. मी उभ्याउभ्याच सगळे सांगितले.

तिने दोरीची गाठ पुरी मारली. मग म्हणाली, "मले ठाऊक हाय."

"कधीपासून?"

"ते सुटून आले तवापासून. बाजूच्या खोलीत बसवले व्हते त्याइले. तुमचा आवाज आयकला त्याइनं. असंल साहेब."

मी म्हणालो, "मंग तू बोलली काहून नाई? तीन वर्सं माह्या बाजूले बसून राह्यली."

"पाहात व्हती, तुमी कवा सांगता ते. ते म्हनाले व्हते, बोलू नको, त्याले लेकरं हायत. आपल्याले नव्हते का लेकरं? म्या हे त्याइले इचारलं बी. ते खोकत राह्यले."

मी वावराचे सांगितले. तिने मान हलवली. "वावर नाई पायजे. घेतलं त लोक म्हनतीन, वावर भेटलं म्हनून बाई जगदेवच्या खोट्याले खरं म्हन्ते. तुमी मेल्यावर कागद वाचून मले काय फायदा? माह्या पोराले आज नेतेत. जितेपनी बोला. जिथं पाटी व्हती तिथं बोला."

इंद्रभानला हे सांगितले तेव्हा तो चिडला. "बाबा, सोमला मेला. आता कायले उकरता? तुमालेच पकडतीन." त्याचे चुकले असे मी म्हणत नाही. मीही त्याच्यासारखाच भित्रा आहे, त्याला ते माझ्याकडूनच आले.

तरी गेल्या बाजारी मी अनसिंगला जाऊन पाटीच्या जागी उभा राहिलो आणि कलम चौथ्यात आहे तेवढे मोठ्याने वाचले. बाजार थांबला नाही. थोडे लोक जमले. एक जण हसून म्हणाला, "बाईनं सोडोले व्हते म्हन्ता सगळे कोडे?" मी म्हणालो, होय, सगळे. गोमतीबाई मोळ्यांजवळ बसली होती. गोविंदसिंग मात्र उठून माझ्यासमोर आला. मला वाटले, मारतो. तो म्हणाला, "पुन्हा एक डाव वाचा. मांगच्याइले आयकू नाई गेलं." मी पुन्हा वाचले.

कलम सहावे. परवा शिपाई घरी येऊन गेला. मंगळवारी सकाळी कचेरीत हजर राहून बाजारात बोललो ते लिहून द्यावे, असा निरोप आहे. खोटी जबानी दिल्याबद्दल माझ्यावर काय होईल, कारकुनांना विचारले. ते म्हणाले, सांगता येत नाही. अकोल्याची माझी गाडी सोमवारची आहे. इंद्रभान म्हणतो, दवाखान्यात गेले की कोणी काही करणार नाही, देवानेच वाट काढली. पंचफुला दुपारी भाकर वाढताना म्हणाली, "सोमवारी गेले त परत येऊन जासान का कचेरीत? का पुन्हा राह्यलंच ते?"

मी सोमवारी जाणार नाही. मंगळवारी कचेरीत जाईन. तिथून सोडले तर बुधवारची गाडी धरीन. मला फार भीती वाटते, कचेरीची जास्त की गाठीची, ते ठरवता येत नाही. मधल्या दिवसांत काही बरेवाईट झाले तर हाच कागद माझी जबानी समजावा.

कलम सातवे. तीन एकर वावर इंद्रभानला. अट एकच : गोविंदसिंगच्या घराचे नाव चौकीच्या वहीतून निघेपर्यंत त्याने या कागदाची नक्कल घेऊन लागतील तितक्या खेपा घालाव्यात. खेपा बंद केल्या तर वावर रामीबाईचे. ज्या वहीत मी ती बेचाळीस कोडी उत्तरांसह उतरवली आहेत, ती वही गोविंदसिंगला. तो चौथीपर्यंत शिकला आहे. त्याने ती आईला वाचून दाखवावी, मात्र उत्तरे झाकून.

ज्याला मालमत्तेतले काही मिळते त्याने साक्ष घालू नये, असे कारकून म्हणाले. गोमतीबाईने काही घेतले नाही, म्हणून तिची साक्ष चालते. ती आज तांड्यावरून चालत आली आहे आणि समोर बसून हे सगळे ऐकले आहे.

मुक्काम वाशीम, तारीख ७ डिसेंबर १९४६, शनिवार.

सही : जगदेव नानाजी इढोळे

साक्षीदार पहिला : जानराव मास्तर, राहणार अनसिंग. लिहून देणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. अक्षर त्याचेच आहे.

साक्षीदार दुसरी : गोमतीबाई सोमला, राहणार तांडा, अनसिंग. निशाणी डाव्या अंगठ्याची. तिने सांगितले तसे मास्तरांनी लिहिले : "याइनं माह्यापुढं सही केली. लिवलं ते सारं खरं हाय. तिसरा खांब म्या सांगतला व्हता, माह्या नवऱ्यानं नाई. मंगळवारी म्या बी कचेरीत येतो."